मदत हवी आहे: गरीला आमिष कोणतं, जिवंत कोळंबी, बोयटं की चिंबोरी?

खाडीकाठ_७
रविवारी पहाटे गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला जायचंय. मागच्या दोन खेपा रिकाम्या हाताने परत आलो. कोळंबी गरीला लावेपर्यंत मरते, बोयटं (खाडीतले बारके मासे) धरायला पाग, म्हणजे फेकायचं जाळं लागतं, चिंबोरीचं (खेकड्याचं) कुणी नीट सांगत नाही. सरस काय? जरा लवकर सांगा, आमिषाची सोय शनिवारीच करावी लागेल.

रेवसवाला
मासा कोणता? खाडी की उघडा समुद्र? तळ चिखल की कातळ?

खाडीकाठ_७
वाशिष्ठीचं मुख, धोपाव्याच्या बाजूला, कातळावरून. जिताडा नाहीतर तांबोशी.

मालवणी_तंगूस
जिताडा म्हणजे आमचा चोणक. त्याला जिवंत बोयटासारखं दुसरं काही नाही. बोटभर लांबीचं घ्या. पाण्याला ओढ असेल तर गरी दोन्ही ओठांतून घाला, बोयट ओढीला तोंड करून पोहत राहतं.

रेवसवाला
पण ते तांबोशीही म्हणतायत. तांबोशीला कोळंबीच. माझ्या मोठ्या तांबोश्या सगळ्या कोळंबीवर लागल्या आहेत. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखं टोक असतं, त्याच्या मागे काळा डाग आरपार दिसतो. गरी डागाच्या पुढून आडवी काढायची. डागाला टोचलं की कोळंबी तिथेच संपली.

मालवणी_तंगूस
आणि शिंगट्या माशांनी कुरतडली की? कातळात कोळंबी पाच मिनिटं टिकत नाही. त्यापेक्षा रुपयाएवढी चिंबोरी लावा, नांग्या मोडून, मागच्या पायाच्या सांध्यातून. बारकी मासळी तिला हात लावत नाही.

दादरचा_चाकरमानी
बांगड्याच्या पट्ट्या कापून मीठ लावून ठेवा. स्वस्त आणि मस्त, गणपतीत गावी आलो की मी हेच करतो.

रेवसवाला
प्रश्न जिवंत आमिषाचा आहे हो.

नवखा_गरवेकर
मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी रीळ कोणतं घ्यावं?

पागवाली_ताई
दादा, कोळंबी बादलीत कुठल्या पाण्यात ठेवता?

खाडीकाठ_७
घरच्या विहिरीच्या. मीठ घालतो की.

पागवाली_ताई
इथेच घोळ आहे. जिथून कोळंबी धरली तिथलंच पाणी घ्यायचं. अंदाजाने मीठ घातलं तर खारटपणा जुळत नाही. बादलीत गर्दी नको, वीस-पंचवीस पुरे. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, म्हणून बॅटरीवरचा पंप लावा आणि बर्फाची झाकणबंद बाटली आत सोडा. बर्फ सुटा टाकू नका, तो गोड्या पाण्याचा. मेलेली लगेच काढा, नाहीतर पाणी खराब होऊन बाकीच्याही जातात. आमच्याकडे पहाटे पागलेली कोळंबी दुपारपर्यंत टुणटुण उड्या मारते.

खाडीकाठ_७
हे कुणी आधी सांगितलंच नाही! म्हणजे दोन्ही वेळा कोळंबी मीच मारत होतो.

मालवणी_तंगूस
रविवारी तिथी कोणती?

खाडीकाठ_७
अष्टमी.

मालवणी_तंगूस
म्हणजे भांग, भरती-ओहोटी लहान. पाण्याला ओढ कमी. मग बोयट ओठात नको, पाठीच्या पहिल्या पराच्या पुढे कातडीत टोचा. जागच्या जागी धडपडतं, तेच जिताड्याला बोलावतं.

रेवसवाला
भांगात कोळंबी जास्त चालते, मी पुन्हा सांगतो.

खाडीकाठ_७
शेजारचे काका पाग देतायत. एका गरीला बोयट, दुसरीला खाडीच्या पाण्यातली कोळंबी लावतो. ताई, पंप शनिवारी चिपळूणला मिळेल का?

नवखा_गरवेकर
रिळाचं कुणी सांगेल का?