मुलाच्या आगळिकीचा जाब सांभाळणाऱ्या बाईंनी का द्यावा?

विषय मांडणारी, फोंडा

किशोरवयीन मुलाने काही आगळीक केली की आईवडील आणि त्याला सांभाळणाऱ्या बाई यांच्यात जे वाद होतात, त्यांत बहुतेक वेळा दोष बाईंच्या माथी मारून प्रकरण मिटवले जाते. हे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या प्रकारामुळे मी हे लिहीत आहे, तो आमच्या इमारतीतील आहे. मुलगा दहावीत, वडील जहाजावर नोकरीला, आई पणजीच्या कार्यालयातून बाणस्तारीच्या वाहतुकीतून वाट काढत संध्याकाळी उशिरा घरी पोहोचणारी. तो लहान असल्यापासून बेळगावकडच्या एक बाई त्याला सांभाळत आल्या आहेत. स्कूटर इमारतीखाली उभी असे आणि तिची चावी दाराजवळच्या खुंटीला अडकवलेली असे. मुलगा ती चावी घेऊन शिकवणीला जाऊ लागला. बाईंनी एके दिवशी दारात उभे राहून त्याला अडवले, तेव्हा त्याने त्यांच्या रागावण्याचे मोबाइलवर चित्रण केले, त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीची नक्कल जोडून त्याची रील केली आणि ती मित्रांमध्ये फिरवली. पुढच्याच आठवड्यात फर्मागुडीच्या उतारावर स्कूटर घसरली. सुदैवाने गुडघा फुटण्यावर निभावले, पण आरसा आणि मडगार्ड मोडले. आईने बाईंना पहिला प्रश्न केला तो असा, की तुम्ही घरात असताना चावी त्याच्या हाती गेलीच कशी. दुरुस्तीचा खर्च बाईंच्या पगारातून कापला गेला. रीलबद्दल मुलाला कोणी अवाक्षरानेही विचारले नाही.

मूल तीन वर्षांचे असताना भरवणे, झोपवणे, बालवाडीत पोहोचवणे हे काम होते आणि ते काम कसे करायचे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. मूल पंधरा वर्षांचे झाले, उंचीने बाईंच्या वर गेले, त्याच्या हातात मोबाइल आणि खिशात पैसे आले, तरी बाईंचे काम नेमके काय, हे कोणीही पुन्हा बसून ठरवले नाही. त्यांना त्याचा मोबाइल काढून घेता येत नाही, त्याला मिळणाऱ्या पैशांवर त्यांचा ताबा नाही, शाळेच्या पालकसभेत त्यांना कोणी बोलावत नाही आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांचा क्रमांक नाही. मात्र दुपारी दोन ते संध्याकाळी साडेसात या वेळेत जे घडेल, त्याला उत्तरदायी त्यांनीच असावे अशी अपेक्षा असते. अधिकार काहीही न देता उत्तर मात्र मागायचे, ही वागणूक आपण आपल्या कार्यालयात एक दिवसही खपवून घेणार नाही.

माझे म्हणणे असे आहे, की मुलाला थांबवण्याचा आणि जे दिसेल ते त्याच दिवशी आईवडिलांना कळवण्याचा अधिकार बाईंना मुलासमक्ष दिला पाहिजे. तो देण्याची तयारी नसेल, तर जाबही विचारू नये.

दोन मुलांचा बाप, मडगाव

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, तरीही मी असहमत आहे. आपल्याच मजकुरानुसार मुलगा स्कूटर नेत असल्याचे बाईंना अपघातापूर्वी किमान आठवडाभर माहीत होते. त्या आठवड्यात त्यांनी आईला सांगितले का? सांगितले असते तर आपण ते नक्कीच लिहिले असते. घरी नसलेल्या आईला जे कळू शकत नव्हते, ते घरात असलेल्या व्यक्तीला कळले होते आणि ती गप्प राहिली. पंधरा वर्षांचा मुलगा वाहन चालवतो ही बाब अशी नाही, की ती सांगण्यासाठी कोणी वेगळा अधिकार बहाल करावा लागावा.

माझी पत्नी आणि मी दोघेही नोकरी करतो. आमच्या घरी मुलांसाठी ज्या ताई येतात, त्यांना आम्ही चवथीला साडी देतो आणि त्यांच्या मुलीच्या शाळेचे शुल्क भरतो. हे उपकार नव्हेत. मुलांची काळजी घेणे हे कौशल्याचे काम आहे असे आम्ही मानतो, आणि म्हणूनच त्या कामातील चुकीबद्दल विचारतोही. परिचारिकेला आणि शिक्षकाला आपण विचारतो. बाईंना विचारायचेच नाही म्हटले, तर त्यांचे काम जबाबदारीचे नाही, असेच आपण नकळत म्हणत आहोत. पगार कापणे मला पटत नाही. परंतु विचारण्याचा हक्क मी सोडणार नाही.

वकिली करणारा, डिचोली

कायद्यात काय आहे, तेवढे येथे सांगणे आवश्यक वाटते, कारण दोन्ही बाजूंनी ते गृहीत धरले गेले आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहनासंबंधी गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी असून वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर किंवा मालकावर असतो. खुंटीला उघड्यावर टांगलेली चावी ही खबरदारी कशी ठरेल, हे मला समजत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो गिअर नसलेल्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, आणि आपल्या रस्त्यांवरील नेहमीच्या स्कूटरी त्याहून मोठ्या इंजिनाच्या असतात. मोडलेल्या आरशाचे पैसे बाईंकडून वसूल करणाऱ्या घराने हे कलम एकदा वाचावे.

मात्र सांभाळणाऱ्या व्यक्तीवर कायद्याने काहीच बंधन नाही, असेही नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७५ मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेल्या कोणालाही लागू होते आणि त्याने मुलाला मारहाण केली किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, तर तो गुन्हा ठरतो. शिवाय आपल्याकडे गोवा बाल कायदा २००३ आहे, ज्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि शारीरिक छळाबरोबर मानसिक छळाचाही समावेश आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातीलच एका प्रकरणात, भांडणाच्या भरात शाळेच्या दप्तराने मारलेला एखादा साधा फटका म्हणजे बालकाचा छळ नव्हे, असा निर्वाळा दिला हे खरे. पण तोपर्यंत संबंधित व्यक्तीला कित्येक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. अनेक घरांत आई जाता जाता बाईंना सांगते, की ऐकले नाही तर दोन लावून द्या. हे सांगणारी आई त्या बाईंना कोणत्या संकटात लोटत आहे, याची तिला कल्पना नसते. थांबवण्याचा अधिकार द्यायचा असेल, तर हात न लावता कसे थांबवायचे, तेही सांगितले पाहिजे.

समुपदेशक, पर्वरी

माझा विरोध मूळ मागणीच्या दुसऱ्या भागाला आहे, म्हणजे जे दिसेल ते त्याच दिवशी कळवण्याला. स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी २००० साली चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट मांडली. आईवडिलांना मुलाविषयी जे कळते, ते मुख्यतः मुलाने आपणहून सांगितल्यामुळे कळते; पाळत ठेवून किंवा खोदून विचारून त्यामानाने फार थोडे हाती लागते. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींशी बोलतानाही हेच जाणवते. घरातील एक व्यक्ती रोज संध्याकाळी आपला अहवाल देते हे मुलाला कळले, की ते त्या व्यक्तीपासून तर दुरावतेच, शिवाय आईवडिलांशीही बोलणे कमी करते.

लहानपणापासून सांभाळणाऱ्या बाई मुलाच्या आयुष्यातील एक फार दुर्मीळ जागा असतात. परीक्षेतील गुण, मैत्रीतील रुसवेफुगवे, कोणाविषयी वाटणारे आकर्षण हे मूल कधीकधी त्यांनाच सांगते, कारण त्या गुणपत्रिकेवर सही करणार नसतात. आपण त्यांना खबरी बनवले, तर ही जागा नाहीशी होईल. वाहन, दारू, अमली पदार्थ, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती, ऑनलाइन छळ किंवा फसवणूक या गोष्टी तत्काळ सांगाव्याच लागतील. त्यापलीकडचे बरेचसे मुलाचे स्वतःचे आहे आणि ते बाईंनी पोटात ठेवले, तर त्याला लपवाछपवी म्हणू नये.

मुले सांभाळण्याचे काम करणारी, साखळी

माझी मुलगी हे टंकून देत आहे. मडगावच्या भाऊंनी विचारले आहे, की त्या बाई आठवडाभर गप्प का राहिल्या. त्या बाईंना मी ओळखत नाही, पण त्या का गप्प राहिल्या असतील ते मी सांगू शकते.

मी ज्या घरी होते, तेथील मुलगा संध्याकाळी शाळेतून आला, की आधी न्हाणीघरात जाऊन दात घासायचा. शाळेतून आल्याबरोबर दात कोणी घासत नाही. शर्ट धुवायला घेतला, की मला सिगारेटचा वास यायचा. मी त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितले आणि माझे नाव काढू नका, अशी विनंतीही केली. रात्री जेवताना तिने माझ्यासमोरच त्याला विचारले, की मावशी म्हणतात तू सिगारेट ओढतोस, खरे का? तो नाही म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिले. मी शर्ट दाखवला, तर तो म्हणाला की बसमध्ये शेजारी कोणी ओढत होते. विषय तेथेच संपला आणि ताई, म्हणजे त्याची आई, झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्या घरात मी आणि तो, असे दोघेच होतो. त्याने माझ्याशी बोलणे सोडले. मी वाढलेले जेवण तो माझ्या डोळ्यांदेखत केराच्या डब्यात टाकायचा आणि मावशीने जेवायला दिले नाही, असे आईला फोनवर सांगायचा. ताईंनी मला दोनदा विचारले, की तुमचे लक्ष कुठे असते. त्यानंतर त्या घरात मी काही सांगितले नाही. चोरीचा आळ यायच्या आत काम सोडलेले बरे, असे वाटून मी वर्ष संपताच ते घर सोडले.

आम्हांला अधिकार नको आहे. आम्ही सांगितलेले आईवडिलांनी स्वतः पाहावे, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करावी आणि मग स्वतःच्या नावावर मुलाला विचारावे, एवढेच हवे आहे.

दोन मुलांचा बाप, मडगाव

मावशी, आपले म्हणणे मी पत्नीलाही वाचून दाखवले. आपण सांगितलेले नाव न घेता तपासावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती आमच्या घरी पाळली जाईल. तरीही वाहनाच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही. जेवण केराच्या डब्यात जाणे आणि मुलगा ट्रकखाली जाणे यांत फरक आहे. दुसरी भीती समोर असेल, तर पहिली सोसूनही सांगितलेच पाहिजे. समुपदेशकांनी तत्काळ सांगण्याच्या गोष्टींत वाहन सर्वांत आधी घेतले आहे, ते योग्यच आहे.

विषय मांडणारी, फोंडा

वाहनाबद्दल आपल्या दोघांत मतभेद नाही. परंतु ते धोक्याचे क्षणसुद्धा बाईंनी एकटीने पेलावेत अशी अपेक्षा असेल, तर त्याआधी आईने चावी खुंटीवरून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली पाहिजे. ही घरची पहिली पायरी आहे आणि ती चढण्यासाठी कोणाच्या पगाराला हात लावावा लागत नाही.

समुपदेशकांचा आक्षेप मला मान्य आहे. सगळेच कळवावे ही माझी मागणी अतिव्याप्त होती. काय कळवायचे याची यादी छोटी आणि आधी ठरलेली असावी. मात्र रीलचा प्रश्न या चर्चेत सर्वांनी मागे ठेवला, याचे मला वाईट वाटते. स्कूटरचा आरसा बाजारात मिळतो. लहानपणी ज्यांच्या हातून जेवला, त्यांच्या बोलण्याची खिल्ली उडवून ती चित्रफीत त्याने शाळाभर पोहोचवली, आणि त्या बाई अजूनही रोज दुपारी त्याच शाळेच्या फाटकासमोरून बाजारात जातात. अशा आगळिकीत त्रास सोसणारी व्यक्ती बाईच असते आणि तरीही ती मुलाची खोडी म्हणून सोडून दिली जाते. ती रील ज्या ज्या गटांत गेली, तेथे तेथे मुलाने स्वतः लिहून माफी मागावी आणि ते लिहिताना आई शेजारी बसलेली असावी, असे मी त्या आईला सांगितले आहे. तिने अद्याप उत्तर दिलेले नाही.

वकिली करणारा, डिचोली

कापलेला पगारही परत करण्यास सांगा. शेजारच्या महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ वा करार २०११ सालचा. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. अशा स्थितीत घरातील दोन माणसांत जे ठरते, तेच बाईंच्या हातात राहते. म्हणून ते ठरलेले कागदावर असावे: वेळ, काम, काय तत्काळ सांगायचे आणि कोणत्याही कारणाने पगारातून नुकसानभरपाई न घेण्याचे कलम.

मुले सांभाळण्याचे काम करणारी, साखळी

कागद करा, पण तो वाचताना मुलालाही समोर बसवा. मागे एका घरी सगळे ठरले होते, फक्त मुलाला कोणी सांगितले नव्हते. मी मोबाइल ठेव म्हटले, की तो मला विचारायचा, तुम्ही कोण. तेव्हा त्याची आई कार्यालयात असायची.