खरं कसब सत्य लपवण्यात

'हा खेळ म्हणजे नुसत्या थापा, त्यात कौशल्य ते काय?' हे मला पटत नाही. बीबीसी रेडिओ ४ वर २००७ पासून चालणाऱ्या 'दि अनबिलीव्हेबल ट्रूथ' या खेळाच्या कार्यक्रमात खरं कसब लागतं ते सत्य लपवायला. चार खेळाडूंपैकी प्रत्येक जण दिलेल्या विषयावर छोटंसं भाषण ठोकतो. सगळं खोटं, फक्त पाच गोष्टी खऱ्या. इतरांनी खरी गोष्ट ओळखून बझर दाबला तर गुण, चुकले तर गुण वजा. आणि जे सत्य कुणालाच सापडलं नाही, त्याचा गुण बोलणाऱ्याला.

म्हणजे सत्यंच अशी शोधावी लागतात, जी थाप वाटतील. माझं उदाहरण घ्या: वॉम्बॅट या ऑस्ट्रेलियन प्राण्याच्या लेंड्या ठोकळ्यासारख्या चौकोनी असतात. हे खरं आहे! शेजारी तितकीच विचित्र थाप बेतून ठेवली की ऐकणारा हमखास फसतो.

सूत्रसंचालक डेव्हिड मिचेल शेवटी न सापडलेली सत्यं उलगडतो, तो भाग मला सर्वांत प्रिय. आणि रेडिओवर आपल्याला चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाजावरून अंदाज बांधायचा. घरबसल्या आपणही पाचवे खेळाडू होतो.