मित्राचे वडील जाऊन दोन महिने झाले, आता काय बोलावं?

मांजराकाठ:
मित्र औसा तालुक्यातला. दसऱ्याच्या आठवड्यात त्याचे वडील हार्ट अटॅकनं गेले, लातूरच्या दवाखान्यात. वय ५३. मातीला, तेराव्याला जाऊन आलो. आता फोन केला की "बरंय, चाललंय" एवढंच. ग्रुपवर जोक टाकतो, मग चार-चार दिवस फोन उचलत नाही. दुःख आवरलं म्हणावं की दाबलं? मी पुण्यात असतो.

काळीमाती:
दोन्ही नाही. नकार, राग, शेवटी स्वीकार अशा दुःखाच्या पाच पायऱ्या सगळीकडं फिरतात. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांचं १९९९ चं म्हणणं जास्त पटतं: माणूस हेलकावे खातो. सकाळी आठवणीत बुडालेला, दुपारी मोटार दुरुस्त करणारा. जोक टाकतो तेव्हा तो विसावा घेतोय.

"काही लागलं तर सांग" बंद करा. काय लागतंय ते शोधणं आणि मग मागणं, ही दोन कामं उलट त्याच्याच गळ्यात पडतात. वार-वेळ सांगा: "शनिवारी सकाळी येतो, तलाठ्याकडं जाऊ. नको असलं तर सांग." फोन उचलला नाही तर मेसेज टाका, खाली "उत्तर नाही दिलंस तरी चालतंय" लिहा. वडिलांचा विषय टाळू नका. "अण्णांनी ती विहीर कोणत्या साली पाडली रे?" म्हटलं की माणूस बोलतो. "आता तूच घरचा कर्ता, रडू नको" हे तेराव्यात पन्नास जणांनी सांगून झालेलं असतं.

सातबारा:
तलाठ्याकडं जाणारच असाल तर. मृत्यू लातूरला झाला म्हणजे नोंदही लातूर महापालिकेत. लोक उगीच गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतात. दाखल्यावरचं नाव आधी वाचा. आधारवर 'दत्तात्रय' आणि सातबाऱ्यावर 'दत्तू' असलं की वारस नोंद अडकते, मग दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, म्हणजे तुमच्या हातात महिनाच आहे. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस वेगळे.

पासबुकात मे अखेरची पानं बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती विमा: कोणत्याही कारणानं मृत्यू, २ लाख, वयाच्या ५५ पर्यंत. बँकेत लगेच दावा करा. २० रुपयांचा सुरक्षा विमा फक्त अपघाताचा, शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे योजनाही अपघाताचीच. हार्ट अटॅकला ती "बसवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

निर्गुडी:
पहिला सण जड जातो, आणि येळवस, म्हणजे रानात पूजा करून जेवायची वेळा अमावस्या, तोंडावर आलीय. कडब्याची कोप कोण घालणार, पाच पांडवांच्या दगडांना चुना कोण लावणार, आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" कोण म्हणणार? हे सगळं बापानं करायचं असतं. आठ दिवस आधी विचारा, यंदा करणार का. करणार असेल तर आदल्या दिवशी कडब्याच्या पेंढ्या वाहायला हजर राहा. नसेल तर आग्रह करू नका. दुपारी त्याच्याकडं जाऊन बसा.

त्याच्या आईशीही बोला. तिला हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद होतं ते गुपचूप, आणि मुलाला पत्ताही नसतो. विधवा प्रथा बंद करायचा ठराव २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं केला, आपल्याकडं अजून बायका परतवतात.

झोप, जेवण, दारू, रानात जाणं यांवर नजर ठेवा. सहा महिने उलटूनही रोजची कामं ठप्प असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. "माझं काय राहिलंय" म्हणाला तर मात्र थांबू नका, सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून आणि रानातल्या आखाड्यावरून हलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीत.

मांजराकाठ:
शनिवारी निघतो. बहीण सोलापूरला दिलीय, तिलाही आणावं लागेल का?

सातबारा:
अर्ज एका वारसानं केला तरी चालतो. पण तिचं नाव त्यात हवंच. आधारची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.