प्रभुभोजनाची भांडी, मेज आणि जुना फोटो: मराठी नोंदवहीत कोणते शब्द लिहायचे?

पाळकांची नात (अहिल्यानगर जिल्हा)

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या कपाटातल्या वस्तूंची मराठीत नोंद करायचं काम माझ्याकडे आलंय. मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या, काळातली. पूर्वी कोणीतरी इंग्रजीत यादी केली होती. तिच्यात एवढंच आहे: कॉफीचं भांडं एक, कप दोन, बशा दोन, टेबल, खुर्ची, हार्मोनियम. वाचणाऱ्याला हे चहापानाचं सामान वाटेल. माझ्या आजोबांनी याच भांड्यांतून कितीतरी वर्षं प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला वाटायचा विधी) दिलं, म्हणून मला हे नीट करायचंय.

'कॉफीचं भांडं' म्हणजे दीड वीत उंच, पांढऱ्या धातूचं, एका बाजूला मूठ, समोर चोच आणि बिजागरीचं झाकण. तळाला इंग्रजी अक्षरांत 'क्वाड्रुपल प्लेट' असा ठसा आहे. 'कप' म्हणजे उंच देठाचे दोन पेले, आतून सोनेरी. शिवाय भोकं पाडलेलं एक लाकडी तबक आहे, त्यात काचेचे बोटभर पेले बसतात. टेबलाच्या पुढच्या पट्टीवर 'माझ्या स्मरणार्थ हे करा' असं कोरलंय.

समितीतल्या एका काकांचं म्हणणं, शब्द भारदस्त हवेत: वेदी, चषक, मदिरापात्र. मला ते पटत नाही, पण त्यांना नुसतं 'नको' कसं सांगू? सोबत एक फोटोही आहे. मागे रांगेत पुरुष, पुढे बायका, मध्ये दोन मडम. त्यांच्या कपड्यांचं वर्णन कसं करायचं?

नोंदवहीवाला (पणजी)

ताई, मी संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी करत आलोय, बहुतेक चर्चच्याच. तुमचं मन बरोबर सांगतंय. काकांना शब्द आवडतो की नाही यावर वाद घालू नका, वस्तू समोर ठेवा आणि ती कशासाठी वापरली ते विचारा.

वेदीवर बलिदान होतं. कॅथलिकांचा मिस्सा हा बलिदानाचा विधी, म्हणून त्यांच्याकडे वेदी. तुमचं मिशन काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाचं. १८१३ साली हे मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ साली अहमदनगरला आले. त्यांच्या विचारात वेदीला जागा नव्हती, होतं ते भोजनाचं मेज. 'वेदी' लिहिलंत तर तुमच्याच मंडळीचा विश्वास नोंदवहीत बदलून जाईल. 'प्रभुभोजनाचे मेज' लिहा. पट्टीवरचा मजकूर जसा आहे तसा अक्षरन् अक्षर उतरवा, जुनं शुद्धलेखन असलं तरी सुधारू नका.

'मदिरापात्र'बद्दल काकांना एकच विचारा, आजोबा त्यात काय ओतत होते?

आता भांडं. सुरई म्हणू नका, सुरईची मान अरुंद असते आणि तिला मूठ नसते. झारी म्हणू नका, झारीला नळीसारखी तोटी असते, तुमच्या भांड्याला चोच आहे. 'झाकणाचा जग' हा घरातला शब्द चपखल बसतो. पुढे लिहा: 'प्रभुभोजनाच्या वेळी यातून पेल्यांत ओतत.' तो ठसा महत्त्वाचा आहे. चांदीचा जाड मुलामा दिला आहे असं सांगणारा हा शिक्का एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कारखाने मारत. म्हणजे वस्तू बहुधा बोटीने तिकडून आलेली. 'चांदीचा' लिहू नका, 'चांदीचा मुलामा' लिहा. ठशाचा फोटो काढा, शेजारी कारखान्याचं नाव असेल तर तेही टिपा.

आणि कृपा करून कोणालाही तो जग चिंच-मिठाने घासू देऊ नका. मुलामा केसाइतकाही जाड नसतो. दर नाताळाला चकचकीत करता करता खालचा करडा धातू उघडा पडलेली भांडी मी पाहिली आहेत, आणि तो मुलामा परत येत नाही. मऊ सुती कापडाने पुसा, बस.

पेल्यांसाठी 'प्याला'च लिहा. मराठी बायबलात तोच शब्द आहे, मंडळीच्या तोंडीही तोच असणार. चषक म्हटलं की आज क्रिकेट आठवतं. भाग मात्र वेगवेगळे नोंदवा: वरची वाटी, देठ, देठावरची गाठ, बूड. वाटी आतून सोनेरी का? फळांच्या रसातल्या आंबटपणाने चांदी खराब होते, सोन्याला तो धक्का लागत नाही.

भोकांचं तबक सगळ्यांत शेवटी आलेलं असणार. एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावल्याने रोग पसरतो, ही धास्ती अमेरिकेत वाढली आणि १८९०च्या दशकात तिथे प्रत्येकाला वेगळा पेला द्यायची पद्धत सुरू झाली. दोन मोठे प्याले आणि हे तबक एकाच कपाटात असणं म्हणजे तुमच्या मंडळीत पद्धत कधीतरी बदलली याचा पुरावा. वयस्कर सभासदांना विचारा, प्याला हातोहात फिरलेला कोणाला आठवतो का. मिळालेलं उत्तर, सांगणाऱ्याच्या नावासकट, नोंदीतच लिहा.

वसईकरीण

मी कॅथलिक, त्यामुळे आमच्या बाजूचं सांगते. काका बहुतेक आमच्याकडचे शब्द उचलताहेत. आमचा प्याला वेगळा दिसतो. शतकानुशतकं त्यातून फक्त धर्मगुरूच घेत, म्हणून वाटी लहान. त्याच्या तोंडावर बसेल एवढी छोटी उथळ तबकडी असते, ती ओस्तीसाठी, म्हणजे मिस्सातल्या पातळ गोल भाकरीसाठी. तुमच्या 'बशा' भाकरीचे तुकडे वाटायच्या आहेत, म्हणजे चांगल्या रुंद असणार. त्यांना 'भाकरीची थाळी' म्हणा.

झाकणावर क्रूस असलेला प्याला दिसला तर तो पिण्याचा नव्हे, ओस्त्या ठेवायचा. आणि सूर्यकिरणांसारखी प्रभावळ, मध्ये गोल काच, ते ओस्तीच्या दर्शनाचं. जुन्या पोर्तुगीज याद्यांत त्याला कुस्तोदिया म्हणतात. या सगळ्याला सरसकट 'पूजेचं भांडं' लिहिलेलं मी वाचलंय आणि फार वाईट वाटलंय. आमच्या म्हाताऱ्यांना प्रत्येक वस्तूचं नाव ठाऊक होतं, लिहिणाऱ्याने त्यांना विचारलं नाही.

ओल्ड गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. जमलं तर काकांना घेऊन जा. तिथल्या वस्तू पाहिल्या की तुमच्या वस्तूंशी असलेला फरक लगेच दिसेल.

शिवणकामवाली (पुणे)

फोटोबद्दल. 'पारंपरिक वेष' हे दोन शब्द आधी खोडून टाका, त्यातून काहीच कळत नाही.

पुरुषांच्या डोक्यापासून सुरू करा. पगडी बांधून तयार असते, टोपीसारखी घालतात. पागोटं दर वेळी गुंडाळतात, त्याचे पेच सैल आणि कमीजास्त दिसतात. अंगात बंदांचा अंगरखा आहे की बटणांचा कोट? खाली धोतर की पाटलोण? कोट, उपरणं आणि धोतर एकाच माणसाच्या अंगावर असेल तर तसंच लिहा, ही सरमिसळच त्या काळाची खूण आहे.

बायकांचं लुगडं नऊवारी असेल तर कासोटा दिसतो का पाहा. बसलेल्या असतील तर पायांपाशी कळतं. चोळी की पोलकं, हे ठरवायला पुढची गाठ शोधा. चोळी आखूड आणि समोर गाठ मारलेली, पोलकं कमरेपर्यंत आणि बटणांचं. मिशनच्या शाळांतल्या मुली फोटोत बऱ्याचदा लांब बाह्यांच्या पोलक्यात दिसतात. कुंकू, नथ, गळ्यातलं असेल तर लिहाच, नसेल तर 'दिसत नाही' असं लिहा, 'घालत नसत' असं नको. फोटो जेवढं दाखवतो तेवढंच.

मडमांच्या बाह्या नीट बघा. खांद्याशी फुग्यासारख्या आणि कोपराखाली घट्ट असतील तर ती फॅशन १८९५च्या आसपास ऐन भरात होती. इकडे ती थोडी उशिराही चालली असेल, म्हणून तारीख 'सुमारे' लिहून द्या.

पाळकांची नात (अहिल्यानगर जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. बाह्या तशाच आहेत, फुगलेल्या! पुढे बसलेल्या पाचपैकी तिघींचं पोलकं आहे, दोघींची चोळी.

नोंदवहीवाले दादा, तुमचा प्रश्न मी काकांना विचारला. आमच्याकडे मनुका उकळून, गाळून त्याचा रस करत. काकांनाच ते आठवलं, त्यांची आई करायची. 'मदिरापात्र' त्यांनी स्वतःच खोडलं. हातोहात फिरणारा प्यालाही त्यांनी लहानपणी पाहिलाय, तो कोणी कसा पुसायचा तेसुद्धा सांगितलं. मी सगळं त्यांच्या नावासकट लिहून घेतलंय.

जगाची नोंद अशी केली आहे: 'झाकणाचा जग. पांढरा धातू, चांदीचा मुलामा, बुडाशी मुलामा गेलेला. मूठ एक, चोच, बिजागरीचे झाकण. तळाला ठसा, फोटो जोडला आहे. प्रभुभोजनात मनुकांचा रस यातून प्याल्यांत ओतत. पूर्वीच्या यादीत: कॉफीचे भांडे.'

हार्मोनियम पायाने भाता मारायचं आहे. पायपेटी लिहू ना?

नोंदवहीवाला (पणजी)

पायपेटीच. आणि जुन्या यादीतलं नाव ठेवलंत ते उत्तम केलंत, नाहीतर पुढचा माणूस कॉफीचं भांडं हरवलं म्हणून शोधत बसला असता. आता उंची वितीत नको, सेंटिमीटरमध्ये द्या, झाकणासकट आणि झाकणाशिवाय, दोन्ही.