कायदा कपाटात, रिग रस्त्यावर

घोडबंदरकर: परवा रात्री साडेअकराला शेजारच्या सोसायटीत बोअर खोदायची गाडी, म्हणजे रिग, लागली. पहाटेपर्यंत घरघर, सकाळी गटारात राखाडी चिखल. साडेतीनशे फूट गेले म्हणे! दोनच दिवसांत आमचा दोनशे फुटी बोअर हवा ओकायला लागला. नवा कायदा नकोच, आहे तो वापरा. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 चा, लागू 1 जून 2014 पासून. त्यात विहिरीची नोंदणी आहे, रिगचीही आहे. मी गाडीवाल्याकडे नोंदणी मागितली, तर त्याने आरसी बुक पुढे केलं. तमिळनाडूचं!

एक तास पाणी: तुमचा बोअर आधी झाला म्हणून आता कायदा आठवतोय. आमच्याकडे नळाला धड एक तास पाणी नाही, टँकरवाला फोन उचलत नाही. कायद्याच्या नावाने म्हातारीला चार मजले बादल्या चढवायला लावू का?

कलमवाला: साडेतीनशे फुटांवरून जरा दुरुस्ती. 60 मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या, खाली जायला त्या कायद्यात बंदी आहे ती शेती आणि उद्योगासाठी. पिण्याच्या पाण्याच्या बोअरला ती लावता येणार नाही. नोंदणीचा मुद्दा मात्र बरोबर.

घोडबंदरकर: मान्य. पण नोंदणीच नाही, तर ते पाणी पिण्याचं की बांधकामाचं, हे ठरवणार कोण? आपल्याखाली काळा कातळ. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. ती भेग सोसायटीची हद्द बघून थांबत नाही.

एक तास पाणी: मे महिन्यात सगळेच बोअर बसतात. शेजाऱ्यानेच ओढलं, याला पुरावा काय?

घोडबंदरकर: आज नाही. दोन्ही बोअर नोंदवलेले असते, खोली आणि पातळी लिहिलेली असती, तर मिळाला असता.

वाशीची ताई: आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, तरी गाड्या धुवायला बोअर हवाच! खाडी हाकेवर. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, पण ऐकतो कोण? बागेतली सोनटक्का जळाली तेव्हा कुठे कमिटीची मीटिंग झाली.

कलमवाला: घोडबंदरकर, तुमच्या बोअरची नोंद आहे का?

घोडबंदरकर: नाही. काल सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, "कशाला विंचू अंगावर घेताय?"