'प्रिकर्सर'ला मराठीत काय म्हणावं?

वारणाकाठ: सांगलीत बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं करतेय, 'इन्शुलिनचा प्रिकर्सर', म्हणजे ज्यापासून इन्शुलिन बनतं ते आधीचं रूप, इथं अडले. प्रोइन्शुलिन म्हणजे ८६ अमिनो आम्लांची सलग साखळी. मधलं ३१ चं सी-पेप्टाइड आणि सांध्यांवरची ४ आम्लं कापून गेली की ५१ चं इन्शुलिन उरतं. मी 'कच्चा माल' लिहिलं. सरांनी खोडून 'पूर्वगामी' केलं. मुलांना वाटतं, कुणीतरी आधी निघून गेलंय.

हळदपेठ: सरांचं बरोबर आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं १९०५ मध्ये 'हॉर्मोन' शब्द चेतवणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून घेतला. 'संप्रेरक'मध्ये तोच अर्थ नेमका उतरलाय. परिभाषा संस्कृतातूनच नीट बसते.

गुऱ्हाळकर: 'कच्चा माल' मलाही पटत नाही, पण कारण वेगळं. गॅस्ट्रिन हे संप्रेरक जठरात आम्ल स्रवायला लावतं. त्याचं न कापलेलं रूप, प्रोगॅस्ट्रिन, मोठ्या आतड्याच्या पेशींचं विभाजन वाढवतं, उंदरांत हे दिसलंय. म्हणजे आधीच्या रूपालाही स्वतःचं काम आहे. काकवी गुळाच्या आधीची, पण भाकरीशी आपण काकवी म्हणूनच खातो की.

वारणाकाठ: मग माझ्या टिपणांतलं 'पेशींची वाढ' हेही मोघमच झालं. पेशी मोठी होते की पेशींची संख्या वाढते?

कराडचा: ताई, 'बेणं' घ्या! अशी साखळी वाटेल तिथं तुटत नाही. बहुतेकदा लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या जोडीपाशीच कापली जाते. वडील बेण्यासाठी कोयत्यानं उसाची टिपरी तोडायचे तेव्हा डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, दोन्ही बाजूंना बोटभर कांडं राखायचे, डोळ्याला धक्का लागू द्यायचे नाहीत. पीओएमसी या अशाच प्रिकर्सरच्या एकाच साखळीतून एसीटीएच हे संप्रेरक निघतं, वेदना कमी करणारं एंडॉर्फिनही निघतं.

हळदपेठ: टिपरी लावली की तिचा आख्खा ऊस होतो. प्रोइन्शुलिनचं तसं होतं का? शिवाय आपल्याकडं वांड पोराला 'काय बेणं हाय' म्हणतात. वर्गात हाच शब्द वापरायचा?

कराडचा: वापरायचा! वाण तसं पीक, यावरूनच ते बोलणं आलं. शब्द मुळात बीजाचाच आहे. शेतकऱ्याच्या तोंडी आहे म्हणून तो परिभाषेत चालत नाही, हे मला मान्य नाही.

गुऱ्हाळकर: पण बेणं फक्त उसाचं. हळदीचे गड्डे.

कराडचा: हळदीचंही बेणंच. जेठे गड्डे वेगळे काढून ठेवतात ते बेण्यासाठीच.

हळदपेठ: आमच्या घरी त्याला बियाणं म्हणतात. तीन पिढ्या हळद लावतोय.