जुन्या गाडीची गिअरबॉक्समधली तेलगळती : तुमचे अनुभव लिहा

सायली_नाशिक
काल पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. वाकून पाहिलं तर तोच गंधकासारखा उग्र वास. गिअर ऑइल! बाबांची मारुती ८०० डोळ्यांपुढे उभी राहिली. वय झाल्यावर तीही अशीच डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं गळायला लागली होती. बाबांनी लगेच सातपूरच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. त्यांनी तेल काढलं, चाक उतरवलं, बॉल जॉइंट सोडवला आणि टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट उचकटला. शाफ्टभोवती तेल अडवणारं जुनं ऑइल सील माझ्या हातात दिलं. रबराचा ओठ कडक होऊन चिरलेला, त्याच्यामागची बारीक स्प्रिंग ढिली. मग शाफ्टवरून नख फिरवायला लावलं. सील घासतं तिथे चर पडली होती. "नवं सील पार आत ठोकलं तर ओठ परत ह्याच चरीत बसेल," म्हणाले. ओठाला तेल लावून, लाकडी ठोकळ्यानं हळूहळू ठोकत ते किंचित बाहेरच बसवलं. अजून तो ठोक ठोक आवाज कानात आहे. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा ना.

रानवारा
गिअरबॉक्समध्ये तेल भरायचा वरचा प्लग आधी सुटतो का बघायचं, मगच खालचा काढायचा. तेल सगळं सांडलं आणि वरचा जाम निघाला तर गाडी जागेवरच. आमच्या सांगलीत पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

पेणचा_पक्या
खालच्या प्लगचा वायसर बदला!! कित्येकदा तिथूनच झिरपतं. पळतो, कढईत बोंबील आहेत

दादरकर_काका
आमची पद्मिनी होती. तिचं सगळंच निराळं, मागची चाकं ओढणारी. गिअरबॉक्सच्या शेपटाला, मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे आत शिरतो, तिथलं सील जायचं. तेल उडून खालचा पत्रा ओला व्हायचा. आमचा टॅक्सीवाला शेजारी गणपतीला गावी निघायच्या आधी न चुकता गाडीखाली शिरायचा. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा मला फार वाईट वाटलं. स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा! हल्लीच्या मुलांना दाखवायलाही उरला नाही.

मृण्मयी_न्यूजर्सी
इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आमच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या नळ्या गंजून सच्छिद्र झाल्या. बर्फावर लालभडक ठिपके, माझं तर काळीजच हललं. ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं म्हणून लगेच कळलं. नळ्या बदलल्या, तेल भरलं, छान चालली. एक मात्र लक्षात ठेवा, रेडिएटरमधलं पाणी गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका. आतल्या आत तेल आणि कूलंट एकत्र झालेलं असतं.

कोथरूडची_सुमा
ह्यांची झेन आहे. हे गेल्यापासून मीच चालवते, आरटीओत परत पासिंगही करून आणलं. आता गळते. गॅरेजवाला म्हणतो भंगारात द्या. मला नाही द्यायची.

गिअरदादा
सुमाताई, बिलकुल देऊ नका. सील स्वस्त असतं, पैसे जातात ते मजुरीचे. रात्री इंजिन-गिअरबॉक्सखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. सकाळी ठिपका कुठे पडलाय, रंग काय, वास काय, ते सांगा. आणि सील बदलायच्या आधी ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा बाहेर जायची वाट, साफ करून घ्या, हे मी सगळ्यांनाच सांगतो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलानं बुजला असेल तर ती वाट काढणार कुठून? सीलमधून. मग नवं सीलही गळतं आणि दोष मेकॅनिकला. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. जीएल-४ दर्जाचं सांगितलं असेल तर जीएल-५ "भारी" म्हणून घालू नका, त्यातली काही रसायनं गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात.

सायली_नाशिक
सुमाताई 🙏 गाडी सोडू नका.

दादरकर_काका
पक्या, बोंबील ओले की सुके?

पेणचा_पक्या
सुके, कांद्यातले. काका या कधीही. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून कपड्याच्या पावडरीनं घासा.

कोथरूडची_सुमा
पुठ्ठा ठेवला होता. डाव्या चाकापाशी, काळपट तपकिरी, वास सायली म्हणते तसाच.

गिअरदादा
मग डाव्या शाफ्टचं सीलच असणार. गॅरेजपर्यंत चालवत न्यायच्या आधी जागेवरच लेव्हल बघायला लावा. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल हवं. फार खाली असेल तर भरूनच काढा, कोरड्या गिअरबॉक्सनं आतली बेअरिंगं जातात. आणि जुनं सील मागून घ्या, ओठ चिरलाय का तुम्हीच बघा.

कोथरूडची_सुमा
उद्या दुसऱ्या गॅरेजवाल्याला घरीच बोलावते. ब्रीदर लिहून घेतलंय.